नंबरच इंडियाचा नाही म्हणे!

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा जवळ, त्या जास्वंदीच्या बाजूनं या, तिथनं कुणाला दिसत नाही. गुलाबी गेटवाल्यांच्या कॅमेऱ्याचं कळलं का तुम्हाला? नाही? कमाल आहे बाई. बातमी भिगवण चौकापर्यंत गेलीय आणि तुम्ही भिंतीला भिंत लागून राहता…

तोच हो तो, दिवाळीत टीपॉयवर मांडून ठेवलेला. फराळाला गेलो होतो बघा आपण, तर चिवड्याच्या ताटाशेजारी मुद्दाम ठेवला होता. कुणी विचारलं नाही तर काकूच म्हणायच्या, "जपून हं, दोन लाखांच्या वरचा आहे." आणि मग आवाज खाली आणून, "आम्हाला 1 लाख 97 हजारांत पडला. इथं दुकानात 2 लाख 36 हजार सांगत होता मेला." दुकानात म्हणताना ओठ असा काही मुरडला की सिनेमा रोडवर त्या बिचाऱ्या दुकानदाराला उचकी लागली असेल.

आणि गंमत सांगू का, आधी गेले होते त्याच्याकडंच! काका, मुलगा, काकू, तिघंही. कॅमेरा हातात घेऊन बघितला, दुकानातल्या पंख्याचे फोटो काढले, मशिनचा चहा प्याले, आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून बाहेर पडले. आता मला सांगा, घरातले तिघं तर तिथंच होते, मग विचारणार होते कुणाला? तो दुकानदार एवढंच म्हणाला होता म्हणे, की ऑनलाइन घेतलात तरी चालेल मालक, पण कुणाकडनं घेताय आणि वॉरंटी कंपनीची आहे का तेवढं बघा. तर काका काय म्हणाले असतील? "तुम्ही असंच म्हणणार हो, तुमचं गिऱ्हाईक चाललंय ना." हे मला दुकानदाराच्या बहिणीनंच सांगितलं. ती आमच्या भिशीत आहे.

पोरगा तसा गुणी, त्याला नावं ठेवायची नाहीत. टी. सी. कॉलेजला असल्यापासून फोटोचा नाद. लग्नसराईत लग्नं करतो, आषाढात तुकोबांच्या पालखीमागं बेलवडीच्या रिंगणाला जातो, आणि थंडी पडली की निघाला भिगवणला पक्षी काढायला. उजनीच्या पाण्यावर ते रोहित येतात ना, गुलाबी पंखांचे, त्यांच्यापायी पहाटे चारला उठून जातो. काकू म्हणतात, एवढ्या पहाटे कधी अभ्यासाला उठला नाही.

तर झालं काय, डिसेंबरात कुंभारगावला होडीत बसला. उजाडायच्या आधी गेला, थंडीनं कुडकुडत. ऊन आलं, थवाच्या थवा उठला पाण्यावरनं, यानं बटण दाबलं आणि आतनं आवाज आला, खट्. बस. पडद्यावर काहीतरी इंग्रजीत एरर आणि पुढं कॅमेरा ढिम्म. होडीवाला शांतपणे म्हणाला म्हणे, "दादा, मोबाईलवर काढा की. सगळे मोबाईलवरच काढत्यात." काय वाटलं असेल हो त्या पोराला!

मग बापलेक गेले पुण्याला, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. जाताना काका निर्धास्त. वर्षाची वॉरंटी आहे, घेऊन दोन महिनेही झाले नाहीत, फुकट करून देतील, येताना मुलीकडं जेवून येऊ. तिथली मुलगी गोड बोलली, पाणी दिलं, कॅमेरा उलटा करून खालचा नंबर कॉम्प्युटरवर मारला. पुन्हा मारला. मग म्हणाली, "सर, हा नंबर इंडियाचा नाही."

काका म्हणाले, "म्हणजे डुप्लिकेट आहे का?"

"नाही सर, शंभर टक्के ओरिजिनल आहे. पण आपल्या इंडियाच्या कंपनीनं विकलेला नाही."

काकांना हेच कळेना. खरा आहे, पण आमचा नाही, हे काय प्रकरण? घरी येऊन सांगतानाही त्यांना धड सांगता येईना. मी आपलं काकूंना समजावलं, म्हणलं, नवरामुलगा चांगला, शिकलेला, देखणा, सगळं खरं. फक्त लग्नानंतर त्याच्या घरचं एकही माणूस त्याला ओळख दाखवायला तयार नाही, तसं झालंय हे तुमचं. तर काकू म्हणाल्या, "असं स्थळ आम्ही बघितलंच नसतं." आता यावर काय बोलणार!

तर काय सांगत होते… हं, ही गोष्ट घरात महिनाभर दडवून ठेवली होती हो त्यांनी. कॅमेरा कपाटात, कुणी विचारलं तर "पोरगा बाहेर घेऊन गेलाय." फुटलं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. त्यांच्या मधल्या जाऊबाई, सूर्यनगरीतल्या, त्या आल्या. त्यांचं तर तुम्हाला माहीतच आहे. वाण घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "काय गं, कॅमेऱ्याचं काही झालं का? का अजून नाहीच म्हणतात पुण्याचे?" अहो, काकूंचा हळदीचा हात तसाच वर राहिला. समोर ज्या बाईला कुंकू लावायचं होतं ती कपाळ पुढं करून थांबलेली. आणि जाऊबाई कशा? निष्पाप चेहरा. "अगंबाई, माहीत नव्हतं का इथं कुणाला?" मला तर तिळगूळ गिळवेना, हसू येत होतं. वाईटही वाटत होतं, पण हसू आधी येत होतं.

मग काय, विषय निघालाच म्हणल्यावर समोरच्यांची सून बोलायला लागली. ती सीए आहे ना. तिनं विचारलं, काकू, दुकानात किती म्हणाला होता? 2 लाख 36 हजार. तिनं बसल्या बसल्या हिशेब मांडला. कॅमेऱ्यावर जीएसटी 18 टक्के. म्हणजे 2 लाखांचा माल आणि 36 हजार कर. "तुम्ही 39 हजार वाचवले म्हणताय, त्यातले 36 हजार तर सरकारचेच गाळलेत की हो त्यानं." काकू गप्प. परदेशात जिथं स्वस्त मिळतो तिथनं माल उचलायचा, कर चुकवून इकडं आणायचा, दिल्लीत नाहीतर मुंबईत पेटी फोडायची आणि एकेक नग ऑनलाइन विकायचा. याला ग्रे मार्केट म्हणतात म्हणे. चोरीचा माल नाही, नकलीही नाही, पण इथल्या कंपनीच्या वहीत त्याची नोंदच नाही. मग ती कंपनी कशाला दुरुस्त करून देईल? तिनं तो माल विकून एक रुपया कमावलेला नाही.

काका तिकडनं म्हणाले, "आमच्या काळी मुंबईला मनीष मार्केटमधनं, हीरापन्नातनं फॉरेनचे टेप आणायचो, तेव्हा कुठं होती वॉरंटी?" बरोबर आहे, नव्हतीच. पण तेव्हा ते माहीत तरी होतं ना हो! टेप चालला तर आपलं नशीब, नाही चालला तर गप्प बसायचं, कारण सांगणार कुणाला? आता पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, 1 वर्ष वॉरंटी. आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, विक्रेत्याकडून. विक्रेत्याकडून म्हणजे काय? तर कॅमेरा बिघडला की तो पॅक करायचा, आपल्या खर्चानं दिल्लीला पाठवायचा, आणि तो विक्रेता म्हणेल तेव्हा, तो म्हणेल तसा परत येणार. आला तर. पोरानं फोन लावला तर आधी उचलायचे. "भैया, भेज दो." मग उचलेनात. मग त्या साइटवर बघितलं तर दुकानच गायब! त्या नावाचा विक्रेताच नाही आता तिथं.

हे बाकी मला नव्हतं बाई माहीत, त्या सुनेनंच सांगितलं. आपल्याला वाटतं आपण त्या मोठ्या साइटकडनं घेतलं. पण एकाच वस्तूच्या पानावर पाच-पाच, दहा-दहा विक्रेते बसलेले असतात. फोटो तोच, माहिती तीच, स्टार तेच. खाली कुठंतरी बारीक लिहिलेलं असतं कोण विकतोय ते. सकाळी एकाचं नाव, संध्याकाळी दुसऱ्याचं. कंपनीनं नेमलेला अधिकृत विक्रेता त्यातला एखादा असतो, आणि त्याचं नाव कंपनीच्या वेबसाइटवर बघायला मिळतं. पण कोण बघतंय? सगळ्यांचा डोळा त्या खोडून टाकलेल्या किमतीवर.

आणि हे काही आजचं नाही हं. 2014 च्या सुरुवातीला लेनोवो कंपनीनंच जाहीर केलं होतं, की स्नॅपडील, फ्लिपकार्ट, अ‍ॅमेझॉन हे आमचे अधिकृत विक्रेते नाहीत, बघून घ्या. त्यानंतर कंपन्यांनी त्या साइटवाल्यांशी जुळवून घेतलं, आपली दुकानं तिथं उघडली. पण शेजारी बाकीचेही बसलेलेच आहेत ना.

त्या दिवशी मग सगळ्या बायका कॅमेऱ्याचा खोका बघायला! काका माळ्यावर चढले. खोका सापडला, त्यात काकूंनी रांगोळीचे डबे भरून ठेवले होते. सुनेनं तो सगळ्या बाजूंनी फिरवला. म्हणाली, बाहेरनं आलेल्या मालाच्या खोक्यावर इथल्या आयातदाराचं नाव, पत्ता, एमआरपी, महिना, साल आणि तक्रारीचा फोन नंबर छापलेलं स्टिकर असायलाच लागतं, वजनमापाच्या कायद्यात आहे. या खोक्यावर एक नाही दोन नाही. चिनीजपानी अक्षरं तेवढी होती. काका म्हणाले, "मला वाटलं तेच ओरिजिनल असल्याचं लक्षण आहे."

आणि बिल! अहो, बिलाचं तर विचारूच नका. बिलावर कॅमेऱ्याचं नावच नाही. काय लिहिलं होतं माहितीये? कॅमेरा अ‍ॅक्सेसरीज. 1 लाख 97 हजारांच्या अ‍ॅक्सेसरीज! मशिनचा नंबर नाही. जीएसटीचा पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर मात्र होता, तर सुनेनं लगेच मोबाईलवर सरकारच्या जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, आपल्या महाराष्ट्राचे 27. हा होता 07, म्हणजे दिल्ली. त्याचं काही नाही, दिल्लीचा माणूस विकूच शकतो. पण त्या नंबरावर नाव निघालं दुसऱ्याच फर्मचं, आणि पुढं शेरा, नोंदणी रद्द. काकूंचा चेहरा मी बघत होते. आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग त्या उठून आत गेल्या आणि उगाचच कुकर लावला. साडेचार वाजले होते, कुकर कशाचा?

पण खरी मजा पुढंच आहे. त्या दिवशी जी-जी हळदीकुंकवाहून घरी गेली, तिनं आधी आपल्या घरातली बिलं काढली. खोटं सांगत नाही. आमच्या ओळीत त्या रात्री प्रत्येक घरात कपाटं उघडल्याचे आवाज. कुणाचा लॅपटॉप, कुणाचा आयपॅड, कुणाचा तो फरशी पुसणारा रोबो. डेअरीवाल्या भाऊंच्या मिसेसनी नवऱ्याचा नवा फोन घेतला. फोनला *#06# दाबलं की पंधरा आकडी नंबर येतो बघा. मोठ्या अक्षरात केवायएम लिहून, जागा सोडून तो नंबर 14422 ला एसएमएस करायचा, की फोनची कुंडली येते, कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल. काळ्या यादीतला असेल तर तेही कळतं. तर यांचा फोन अगदी ठणठणीत निघाला. कंपनीचा, अधिकृत दुकानातला, पक्क्या बिलाचा. पण बिल हातात आल्यावर कळलं, की भाऊंनी घरात 18 हजार सांगितलेला फोन 43 हजारांचा आहे! बिचारा माणूस. एवढ्या सगळ्यांत त्यानं एकट्यानं शहाण्यासारखी खरेदी केलेली, आणि सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसली. दोन दिवस जेवायला डेअरीवरच होते म्हणे.

जाऊबाईंचं काय, विचारलंत ना? नाही? मी सांगतेच. त्यांच्या मुलानं इन्स्टाग्रामवरनं घड्याळ मागवलं होतं, ते स्मार्टवॉच. पैसे आधी भरले, यूपीआयनं. घड्याळ अजून यायचंय. मी म्हणलं, अहो, हे वॉरंटीचं नाही, हे सरळ फसवणुकीचं, 1930 ला फोन करा, सायबरवाल्यांचा नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकं पैसे अडवायची शक्यता. तर म्हणाल्या, "नाही गं, येईल ते." दिवाळीत मागवलेलं. काकूंना हे कळल्यापासून काकू जरा सावरल्यात, रंगही परत आलाय तोंडावर.

हां, आणि दिलासा द्यायला कोण पुढं? आमचे हे. काकांना म्हणाले, तुम्हाला निदान कॅमेरा तरी आला. 2014 साली एका माणसानं स्नॅपडीलवरनं मोबाईल मागवला, तर खोक्यात विम बार निघाला. आणि 2018 च्या डिसेंबरात सोनाक्षी सिन्हानं अ‍ॅमेझॉनवरनं बोसचे हेडफोन मागवले, आला लोखंडाचा तुकडा. सोनाक्षीला! काकांनी एवढंच विचारलं, "मग त्या विमवाल्याला मोबाईल मिळाला का?" मिळाला हो, विमच्या कंपनीनंच स्वतःहून पाठवला, वर विमही दिला. काका म्हणाले, "आमच्या खोक्यात विम असता तर बरं झालं असतं."

पण वहिनी, या सगळ्यात खरी पुरून उरली कोण माहितीये का? इंदापूरच्या आत्याबाई. काकूंच्याच नणंद. निमगाव केतकीला शाळेत होत्या, रिटायर झाल्या, आता इंदापुरात राहतात. त्यांनी 55 इंची टीव्ही मागवला ऑनलाइन, सेलमध्ये. कंपनीचा माणूस भिंतीवर बसवायला आला, मागचा नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, हा टीव्ही दहा महिन्यांपूर्वी एकदा बसवून झालाय. वॉरंटीचे दोनच महिने राहिलेत." म्हणजे कुणीतरी घेतलेला, परत केलेला, पुन्हा पॅक करून नवा म्हणून विकलेला. दुसरं कुणी असतं तर कपाळाला हात लावला असता. आत्याबाईंनी काय केलं? त्या माणसाला म्हणाल्या, भिंतीला भोक पाडू नका, आणि हे जे बोललात ते कागदावर लिहून सही करा. लिहून घेतलं हो त्यांनी! शाळेतली सवय.

आणि त्यांनी मागवतानाच त्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. नवा, कंपनीची 1 वर्षाची वॉरंटी, विक्रेत्याचं नाव, सगळं त्यात. का काढला विचारलं तर म्हणाल्या, "पोरं पाटी पुसतात, म्हणून मी आधी वहीत उतरवून घ्यायला लावायची." झालं. 1915 ला फोन लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला. मराठीतनं बोलतात तिथं, सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत. तक्रारीचा नंबर मिळाला. मग त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल. 2020 च्या ई-कॉमर्सच्या नियमात आहे म्हणे, की 48 तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यायची आणि महिन्यात निकाली काढायची. आत्याबाई कॅलेंडरवर फुल्या मारत बसल्या होत्या. महिना भरायच्या आत पैसे खात्यात जमा, आणि टीव्ही न्यायला माणूस. माणसाला चहा दिला का हो, विचारलं मी. म्हणाल्या, "दिला. त्याचा काय दोष?"

आता इथं काकूंचं दुखणं बघा. नणंदेचे पैसे आले आणि आपले अडकले, हे कुठल्या बाईला सहन होईल? त्यांनी घोषा लावला, आपणही करू. पण पोरानं पानाचा फोटो काढलेला नाही, बिल असं, विक्रेता गायब. साइटवाले म्हणतात, आम्ही नुसता बाजार भरवतो, माल त्याचा, वॉरंटी त्याची. ते खोटं नाही बोलत बरं का. वकीलसाहेब म्हणाले, म्हणजे जळोचीच्या रस्त्याला राहतात ते, काकांच्या रोजच्या फिरण्यातले, ते म्हणाले की 2016 सालच्या सरकारी परिपत्रकातच लिहिलंय, अशा साइटवर विकलेल्या मालाच्या वॉरंटीची जबाबदारी विकणाऱ्याची. पण म्हणून साइटवाला हात झटकून मोकळा, असंही नाही. विक्रेत्याचं खरं नाव, पत्ता, संपर्क गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायची जबाबदारी साइटचीच. आणि 2022 साली केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं अ‍ॅमेझॉनला लाखाचा दंड ठोठावला होता ना, प्रेशर कुकरवरनं? आयएसआयच्या दर्जाचे नसलेले कुकर विकू दिले म्हणून. 2,265 कुकर गेले होते. प्राधिकरणानं सांगितलं, घेतलेल्या सगळ्यांना कळवा, कुकर परत घ्या आणि पैसे द्या. फ्लिपकार्टलाही तसंच. तेव्हाही सबब हीच होती, आम्ही नुसता बाजार. कुकरचं नाव निघाल्यावर काकू पुन्हा स्वयंपाकघरात जाऊन आपला कुकर बघून आल्या. त्यांना आता सगळ्याचाच संशय.

पण वकीलसाहेबांनी मध्येच एक असा प्रश्न टाकला की सगळ्यांचे चेहरे उतरले. "पोरगा लग्नाचे फोटो काढतो ना? पैसे घेऊन?" हो. "मग धंद्यासाठी घेतलेली वस्तू झाली. ग्राहक कोर्टात धंद्यासाठी घेतलेलं चालत नाही." काका खुर्चीत मागं रेलले. काकूंनी तर पदर तोंडाला लावला. वकीलसाहेबांनी चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली, आणि मग म्हणाले, "पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून, स्वयंरोजगार म्हणून असेल तर चालतं. त्याच्या हाताखाली माणसं आहेत का?" कसली माणसं! बॅग धरायला काका जातात. तेव्हा कुठं सगळ्यांनी श्वास सोडला. हे असं थांबून-थांबून बोलणं फीमध्ये धरतात की काय, कोण जाणे.

फी मात्र घेतली नाही हं त्यांनी. आणि आयोगालाही द्यावी लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य. वकीलही लागत नाही, आपणच उभं राहता येतं. दोन वर्षांच्या आत करायची. आणि पूर्वी जिथं विकणारा बसलाय तिथं जावं लागायचं, आता 2019 च्या कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे दिल्लीवाल्याला पुण्याच्या आयोगापुढं यावं लागणार. काकांना हे फार आवडलं. "येऊ दे लेकाला पुण्याला," म्हणाले. शिवाय 1 जानेवारी 2025 पासून ते ई-जागृती पोर्टल सुरू झालंय, घरबसल्या तक्रार भरता येते. पोरानं रात्री जागून भरली. विरुद्ध पक्ष एक, तो विक्रेता. विरुद्ध पक्ष दोन, साइट. कंपनीला घालायचं का यावर घरात भांडण झालं. काका म्हणाले, घालाच. पोरगा म्हणाला, तिनं काय केलंय? ती तर म्हणतेय, मी विकलाच नाही. नाही घातलं शेवटी.

कॅमेरा होय? तो पुण्यात बाहेरच्या एका कारागिराकडनं दुरुस्त करून घेतला. बुधवारात तापकीर गल्लीच्या बाजूला कुणी आहे म्हणे. शटर बदललं, 21 हजार लागले. म्हणजे वाचवलेल्या 39 मधले 21 गेले, 18 अजून खिशात आहेत, असा काकांचा हिशेब. मी म्हणलं, आणि पुन्हा बिघडला तर? तर काकांनी विषय बदलला. इंदापूरचं एक लग्न मिळालं होतं पोराला, ते मात्र हातचं गेलं. त्या दिवशी पोरानं मित्राचा कॅमेरा भाड्यानं आणायचं ठरवलं होतं, पण कॅमेरा बिघडल्याचं नवरीच्या मामाला कुठनं तरी कळलं आणि त्यांनी दुसरा फोटोग्राफर केला. कुठनं कळलं असेल? आत्याबाई इंदापुरात, जाऊबाईंचं माहेर इंदापुरात. मी कुणाचं नाव घेत नाही.

एक पाहिलंत का, काका आता सिनेमा रोडवरनं गेले की त्या दुकानासमोरून मान खाली घालून जातात. पण परवा इस्त्री घ्यायला जावंच लागलं. साधी इस्त्री हो, कपड्यांची! तर काकांनी त्याला बिलावर इस्त्रीचा नंबर लिहायला लावला, वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख, सही, आणि खोका फोडून आतलं सगळं कंपनीच्या पत्रकाशी ताडून बघितलं. मागं गिऱ्हाइकांची रांग. दुकानदार एक शब्द बोलला नाही, सगळं लिहून दिलं, आणि निघताना हसून विचारलं, "कॅमेरा कसा चाललाय मालक?" बहिणीनं सांगितलं मला. तो तर म्हणे आठवडाभर हा किस्सा सांगत होता.

आता पुढच्या महिन्यात तारीख आहे. विक्रेत्याला पाठवलेली नोटीस तशीच परत आली, त्या पत्त्यावर कुणी नाही म्हणून. साइटचा वकील येणार आहे, आणि वकीलसाहेब म्हणतात तेवढं बरंच आहे, निदान कुणीतरी समोर असेल. व्हिडिओवरनं हजर राहता येतं का, विचारलंय त्यांनी. परवानगी मिळाली तर घरनंच. काकूंनी तर आत्तापासनं नारायणपेठ साडी काढून इस्त्रीला टाकलीय, ती जांभळी. मी म्हणलं, अहो, तक्रार मुलाच्या नावावर, तोच बसणार समोर, आणि त्यात नुसतं तोंड दिसतं. तर म्हणाल्या, "मी पाठीमागनं चहा घेऊन जाईन ना. पदर तर दिसेल!"